बाराच्या आत

रविवार असून घरात मटण शिजत नव्हतं. मजल्यावरच्या बाकी खोल्यांतून भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास सुटला होता आणि शामरावांच्या दारातून मात्र वेलची घातलेल्या खिरीचा. शेजारच्या मीराबाईंनी डोकावून आज पौर्णिमा आहे का म्हणून विचारलं. शामरावांची बायको कांता म्हणाली, पौर्णिमा नाही, भन्ते यायचेत जेवायला. कशासाठी यायचेत ते तिने सांगितलं नाही आणि मीराबाईंनी विचारलं नाही. त्या न विचारण्यावरूनच तिला कळलं की मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या पौर्णिमेला संध्याकाळची वंदना संपली, मेणबत्त्या अजून जळत होत्या, आणि धाकट्या संघर्षने बसल्या जागेवरूनच सांगितलं की त्याला चीवर घ्यायचंय. लहानपणी सुट्टीतल्या शिबिरापुरतं घेतलं होतं तसं नव्हे, कायमचं. ऑफिसात राजीनामा देऊन झाला होता. भन्ते शीलरत्न विदर्भातल्या ज्या विहारात असतात तिथे आधी श्रामणेर म्हणून राहायचं, शिकायचं आणि मग भिक्खू व्हायचं. कांता तिथल्या तिथे नाही म्हणाली. गॅलरीत ऐकू जाईल अशी म्हणाली. शामरावांनी वंदनेचं पुस्तक मिटलं, फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर या विषयावर ते एक शब्दही बोलले नव्हते.

शामराव बोलले नाहीत म्हणजे त्यांची हरकत नाही, असं सगळ्यांनी धरलं. या घरात नेहमी तसंच धरलं जाई. शिवाय ते बौद्धाचार्य होते. वाचनालयातली नोकरी सांभाळून त्यांनी भोईवाड्यापासून डिलाईल रोडपर्यंतच्या चाळींत कितीतरी लग्नं लावली होती, मुलांची नावं ठेवली होती, माणसं शेवटाला पोचवली होती. दर उन्हाळ्यात श्रामणेर शिबिराच्या समारोपाला ते कागदावरून नजर न उचलता, हळू आवाजात सांगत की प्रत्येक घराने एक मूल धम्माला द्यावं. असा माणूस आपल्या मुलाला कसा अडवील?

पण संघाचा नियम असा की आई आणि वडील दोघांच्या संमतीशिवाय कुणाला घ्यायचं नाही. भन्ते शीलरत्न ती संमती फोनवर घेत नसत. आज ते या घरी भोजनदानाला येणार होते आणि पानावर बसण्याआधी दोघांना समोरासमोर विचारणार होते. जेवण बाराच्या आत व्हायला हवं होतं, कारण त्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत भिक्खू काही खात नाहीत. संध्याकाळच्या गाडीने ते परत निघणार होते. दोघंही हो म्हणाले तर संघर्ष त्यांच्याबरोबर जाणार होता.

कांताने खिरीखालचा गॅस बारीक केला आणि दूध लागू नये म्हणून ती ढवळत राहिली.

*

धम्मपाल, थोरला, भांडायच्या तयारीनेच आला. डिलाईल रोडहून टॅक्सीत येताना त्याने बायकोला, मनालीला, सगळं समजावून सांगितलं होतं. आई ठाम आहे. तिने नाही म्हटलं की विषय संपला. ऐन वेळी ती रडून भलतंच काही बोलू नये, एवढंच आपण बघायचं. मनाली खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, संघर्षला काय हवंय ते कोण बघणार? तू कोणाच्या बाजूने आहेस, हे धम्मपालला टॅक्सीवाल्यासमोर विचारायचं नव्हतं. तो गप्प बसला. गप्प बसलं की तो हुबेहूब बापासारखा दिसतो, असं मनालीला वाटलं.

संघर्ष गॅलरीत भन्तेंसाठी चौरंग पुसत होता.

"जय भीम दादा. वहिनी, आत बसा, पंखा लावलाय."

धम्मपालने त्याला दंडाला धरून नळाच्या बाजूला नेलं. ओला फडका संघर्षच्या हातातच राहिला.

"नोकरी सोडलीस. मला एक फोन पण नाही."

"फोन केला असता तर तू ओरडला असतास."

"मग?"

"मग काय. आता समोर ओरड."

तो हसला. धम्मपाल हसला नाही. त्याने घरून ठरवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. ध्यान करायचंय ना, शिबिरं कर, वर्षातून दोनदा कर, कोण अडवतंय. धम्म काय घरात राहून होत नाही? बाबांनी आयुष्यभर केला. ऑफिसात काही लफडं झालंय का, कुणी मुलगी नाही म्हणाली का, तसं असेल तर सरळ सांग. संघर्ष ऐकत राहिला. ऐकताना तो मान हलवत होता, पण ती मान हो म्हणत होती की फक्त ऐकत होती, ते कळत नव्हतं.

"आणि आई-बाबांकडे कोण बघणार? बाबांना अजून गॅस पेटवता येत नाही."

"ताई परळलाच आहे. तू आहेस."

"म्हणजे मी."

"दादा, तू डिलाईल रोडला खोली घेतलीस तेव्हा कोणाची परवानगी मागितली होतीस?"

"मी लग्न करून गेलो."

"हो. आणि तेव्हा तुला कुणी विचारलं नाही की यांच्याकडे कोण बघणार. कारण मी होतो. मी नववीत होतो, दादा."

नळाला कुणीतरी हंडा लावला होता. तो भरून वाहायला लागला तसा संघर्षने वाकून नळ बंद केला. धम्मपाल त्याच्या पाठीकडे बघत राहिला. हिंदमाताला पाणी भरलं की याला शाळेतून खांद्यावर बसवून आणायचं काम त्याचं असायचं. खाली गुडघाभर गढूळ पाणी आणि वर हा, दुकानांतल्या साड्यांचे रंग ओरडून सांगणारा. मध्येच धम्मपालचे केस लगामासारखे ओढायचा. घरी पोचल्यावर धम्मपाल त्याला उतरवून पहिली गोष्ट करायचा ती म्हणजे पाठीत एक धपाटा. ही सवय पुढे मोठेपणीही गेली नाही. एकमेकांना भेटल्यावर दोघं अजून तेच करत.

भिक्खूच्या पाठीत धपाटा घालता येत नाही. हे काही भांडण्याचं कारण नव्हतं, म्हणून ते तो बोलला नाही.

"आई नाही म्हणणार आहे," तो म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो."

"म्हणू दे. मग मी राहीन."

"राहशील?"

"पळून नाही जाणार मी. नाही म्हणाले तर राहीन. दुसरी नोकरी बघेन."

धम्मपालला हेच तर ऐकायचं होतं. तरी ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही. धाकट्याने आदळआपट केली असती, तर त्याला काय करायचं ते माहीत होतं.

*

रश्मी, मधली, रात्रपाळी संपवून हॉस्पिटलातून थेट आली होती. अंगावरचा वास जावा म्हणून आधी तिने आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच ती चपात्या लाटायला बसली. संघर्षने सगळ्यांच्या आधी तिला सांगितलं होतं, त्यामुळे तिला आपण गुन्ह्यात सामील असल्यासारखं वाटत होतं. आईला वळवायचं कसं, याचा विचार ती वाटभर करत आली होती. मनाली कोथिंबीर निवडत होती आणि तिच्या गप्प राहण्यावरून तीही याच विचारात असावी असं दिसत होतं.

शेवटी रश्मीने विषय काढला. आई, त्याने कधी काही मागितलंय का, असं तिने सुरू केलं. कांताने तिला पुढे जाऊ दिलं नाही.

"मी हो म्हणणार आहे," ती म्हणाली.

मनालीचा हात थांबला. रश्मीने लाटणं खाली ठेवलं.

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तोंडातून गेलं."

तिने कढईवर झाकण ठेवलं. मग, जणू वांग्याच्या भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं, अशा आवाजात सांगितलं. एवढी वर्षं या खोलीत तिने पाळणाघर चालवलं होतं. लोकांची मुलं सकाळी घ्यायची, भरवायची, निजवायची आणि संध्याकाळी त्यांच्या आया आल्या की परत द्यायची. काही मुलं जाताना रडायची, काही तिच्याकडे वळूनही बघायची नाहीत. तिला दोन्हीची सवय होती. आपलं मूल कुणाला परत द्यावं लागेल असं मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं. गेले पंधरा-वीस दिवस तो समोर बसून जेवतो, आई, भाजी छान झालीय म्हणतो, ताट उचलून नळावर नेतो. मी नाही म्हटलं तर तो राहील. राहील आणि रोज असाच समोर बसून, भाजी छान झालीय म्हणेल.

"तसं बसलेलं मला बघवणार नाही," ती म्हणाली.

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून आईजवळ जाणार, तेवढ्यात कांता म्हणाली, "पण मी आधी बोलणार नाही. आधी हे बोलतील."

"बाबा?"

"हो. तुझं स्थळ आलं तेव्हा हे गप्प बसले. मी होकार धरला. ते मोडलं तेव्हा सगळे मला म्हणाले, कांता, तू घाई केलीस. धम्मपाल वेगळा राहतो म्हणाला, हे गप्प बसले. मी हो म्हटलं आणि मीच सुनेला घराबाहेर काढल्यासारखं झालं. विचार हिला." मनालीने मान खाली घातली. "आज मी बोलणार नाही. एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला. हो म्हणू दे, नाही म्हणू दे."

"आणि ते बोललेच नाहीत तर?"

"तर भन्ते उपाशी जातील."

मनालीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. रश्मी हसली नाही. ज्या आईला वळवायला ती आली होती, ती आधीच वळलेली होती, आणि तरीही गाडी अडलेलीच होती. तिला एकदम राग आला.

"आई, तुमच्या दोघांच्या भांडणात त्याला कशाला टांगतेस?"

"आमचं भांडण कधी झालंय?" कांता म्हणाली. "त्याला दोघांना बोलावं लागतं."

*

शामराव भन्तेंना आणायला विहारात गेले होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, हातात छत्री. भन्ते शीलरत्न वयाने धम्मपालहूनही लहान होते. लातूरकडच्या एका गावातले, बोलायला साधे. शामरावांनी त्यांना गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीन वेळा वंदन केलं. उठताना गुडघा दुखला. आयुष्यभर हे करताना त्यांना काही वाटलं नव्हतं. आज दुसऱ्या वंदनाला त्यांच्या डोक्यात आलं की पुढच्या वेळी समोर संघर्ष असेल.

तो श्रामणेर झाला की नियमाने त्यालाही असंच वंदन करायचं. त्याने उलटून नमस्कार करायचा नाही. नाव बदलणार, म्हणजे संघर्ष अशी हाक मारायचीच नाही. हे सगळं शामराव लोकांना समजावून सांगत आले होते. ज्या आईबापांना अवघड जाई त्यांना ते म्हणत, आपण मुलाला नाही, चीवराला वंदन करतो. वाक्य चांगलं होतं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

कोर्टाच्या भिंतीकडेने दोघं चालत निघाले. भन्ते म्हणाले, आचार्य, बरं वाटत नाही का, थोडं सावलीत थांबू या. शामराव म्हणाले, नाही, उशीर होईल. त्यांना बोलायचं होतं. घरी पोचण्याआधी, दोघंच असताना बोललं तर बरं, असं त्यांना वाटत होतं. पण काय बोलायचं हे त्यांना पक्कं कळत नव्हतं. आपल्याला हे नको आहे, एवढंच कळत होतं, आणि ते सांगण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे कळत नव्हतं. प्रत्येक घराने एक मूल द्यावं, असं आपण सांगत आलो ते बाकीच्या घरांबद्दल होतं का? तसं असेल तर आपण कसले आचार्य.

आईबापांच्या संमतीचा हा नियम कसा झाला, ते ते प्रवचनात सांगत. बुद्धांच्या मुलाला, राहुलाला, संघात घेतलं तेव्हा त्याच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या राजाने जाऊन मागणं केलं, की यापुढे असं कुणाच्या घरी करू नका. आणि भगवंतांनी ते मान्य केलं. इथे शामराव पुढच्या पानाकडे वळत. त्या म्हाताऱ्याला बोलायला किती जड गेलं असेल, यावर ते कधी थांबले नव्हते.

संघर्ष अकरा वर्षांचा असताना त्यांनीच त्याला शिबिरात नेऊन घातलं होतं. मुंडण केलेलं डोकं, खांद्यावरून घसरणारं चीवर. पहिल्याच संध्याकाळी तो विहाराच्या मागच्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, बाबा, भूक लागलीय. दुपारनंतर खायचं नसतं हे शामरावच सगळ्यांना सांगत होते. तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन आले. पोरगं अंधारात उभ्याने खात होतं आणि ते वाटेकडे लक्ष ठेवून होते. हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कांतालाही नाही. धम्माच्या बाबतीत त्यांनी केलेली ती एकुलती चोरी होती, आणि खरं म्हणजे तिच्याइतकं समाधान त्यांना दुसऱ्या कशाने मिळालं होतं का, याची त्यांना शंका होती.

चाळीच्या जिन्यापाशी संघर्ष पाणी घेऊन उभा होता. भन्तेंचे पाय धुण्यासाठी तो वाकला, तेव्हा त्याचे केस कपाळावर आले.

"केस वाढलेत तुझे," शामराव म्हणाले. दर पंधरवड्याला म्हणत तसंच. म्हटल्यावर त्यांना कळलं आणि ते जिना चढायला लागले.

*

चौरंगावर पांढरी चादर घातली होती. भन्ते भिंतीला पाठ न लावता बसले. त्यांच्या मागे बुद्धांची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो. मूर्ती शामरावांच्या वडिलांनी, तात्यांनी, गिरणी सुटल्यावर खांद्यावरून आणलेली. सगळ्यांनी वंदन केलं, त्रिशरण-पंचशील झालं. समोर जेवण मांडलेलं होतं आणि अजून कुणी वाढत नव्हतं. धम्मपालने घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला फार अवकाश नव्हता.

भन्ते म्हणाले, विचारायचं ते आधी विचारतो. पोट भरलं की माणूस भिडेने हो म्हणतो, असं माझे गुरू म्हणायचे. मग त्यांनी कांताकडे बघितलं.

"आई, आपला मुलगा संघात येऊ इच्छितो. आपली संमती आहे का?"

धम्मपाल पुढे सरकून बसला. कांता म्हणाली, "त्यांना विचारा आधी."

भन्ते शामरावांकडे वळले. तोच प्रश्न, त्याच आवाजात. शामराव मांडीवरच्या हातांकडे बघत होते. पंख्याचा आवाज येत होता. मीराबाईंच्या खोलीत कुकरची शिटी झाली. शामरावांनी मान वर केली, तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा हातांकडे बघितलं.

भन्ते थोडा वेळ थांबले. मौन राहून मान्य करायचं, ही संघाची जुनी रीत आहे. ज्याला मान्य असतं तो गप्प राहतो, नसेल त्याने बोलायचं. त्यांनी हात जोडले आणि ते अनुमोदनाचं साधु म्हणणार, तोच कांता बोलली.

"भन्ते, थांबा. हा होकार नाही."

"आई," रश्मी म्हणाली.

"तुझ्या बाबांच्या गप्प बसण्याला होकार म्हणायचं, हे मीच या घरात सुरू केलं. दुसरं काय म्हणणार. पण आज नाही म्हणणार मी. हे बोलू देत."

धम्मपालला आईचा डाव आत्ता लक्षात आला. त्याने बापाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की आपल्या बाजूला असलेलं माणूस आई नव्हतंच.

"बाबा, नाही असेल तर नाही म्हणा," तो हळूच म्हणाला.

"आणि हो असेल तर हो," मनाली म्हणाली. धम्मपालने तिच्याकडे बघितलं नाही.

भन्ते म्हणाले, मला घाई नाही, एक दिवस जेवलो नाही तरी चालतं. ते ऐकून शामराव आणखीनच कोंडीत सापडले. घरी बोलावलेला भिक्खू आपल्यामुळे उपाशी राहणार. संघर्ष एका बाजूला हात जोडून बसला होता. तो वडिलांकडे बघत नव्हता. आपल्या बघण्याने त्यांना हो म्हणावं लागू नये, म्हणून बघत नसावा.

"नाही," शामराव म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की कोणी बोललं की नाही, अशी शंका यावी. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. "माझी संमती नाही, भन्ते. मला तो घरात हवाय."

कांताने पदर तोंडाशी नेला. इतक्या वर्षांत या माणसाने मला अमुक हवंय असं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. भाजीसुद्धा त्याने कधी पुन्हा मागून घेतली नव्हती.

"ठीक आहे," भन्ते म्हणाले. "मग नाही. संघर्ष, आता वाढ. वेळ होत आली."

संघर्ष उठला. त्याने हात धुतले आणि वाढायला घेतलं. भात, वरण, वांग्याची भाजी, चपाती, शेवटी खीर. प्रत्येक पदार्थ दोन्ही हातांनी पुढे धरून वाढत होता. चेहऱ्यावर रुसवा नव्हता. भन्तेंनी पुरे म्हटलं की थांबत होता, पाणी संपायच्या आत पाणी भरत होता. जेवताना भन्ते बोलत नसत, त्यामुळे खोलीत फक्त भांड्यांचे बारीक आवाज येत होते, आणि सगळे त्या मुलाकडे बघत होते. बघायला दुसरं काही नव्हतं.

धम्मपालने हेच तर मागितलं होतं. त्याने एकदा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बापाच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, जाऊ द्या त्याला." शामरावांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. "हा राहील, पण असा राहील," धम्मपाल म्हणाला.

भन्तेंनी हात धुतले तेव्हा बारा वाजायचे होते. आता आशीर्वादाची गाथा म्हणायची आणि उठायचं. त्यांनी डोळे मिटले, तेवढ्यात शामराव बोलले. भन्तेंशी नाही, मुलाशी.

"संध्याकाळी भूक लागेल तुला."

सगळ्यांना वाटलं त्यांचं काहीतरी भलतंच चाललंय. संघर्षने मात्र हातातला तांब्या खाली ठेवला.

"लागेल, बाबा."

"लहानपणी लागली होती."

"हो. तुम्ही विहाराच्या मागे बिस्किटं दिली होती."

"कधी?" कांता म्हणाली.

"मी दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हाच्या भन्तेंना सांगून टाकलं," संघर्ष म्हणाला. "तुमचं नाव नाही सांगितलं. खाल्लं एवढंच सांगितलं. त्यांनी शिबिर संपेपर्यंत विहार झाडायला लावला."

"मला बोलला नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही इतके खूश होता."

शामराव त्याच्याकडे बघत राहिले. शिबिरात रोज सकाळी तो झाडू घेऊन दिसायचा ते त्यांना आठवलं. पोरगं कामसू आहे, असं वाटून त्यांनी कौतुकही केलं होतं. इतकी वर्षं जपलेली ती चोरी एका रात्रीपुरतीच त्यांची होती. अकरा वर्षांच्या मुलाने ती सकाळी उठून परत दिली होती, आणि बापाला कळू दिलं नव्हतं.

ते हातांवर जोर देऊन उठले आणि भन्तेंसमोर गुडघ्यांवर बसले. लोकांची लग्नं लावताना बसत तसे, पाठ ताठ.

"भन्ते, माझी संमती आहे," ते म्हणाले. मग थांबले. कांताला वाटलं आता हे उठतील. पण ते उठले नाहीत. "आणि मला ते नकोय. दोन्ही आहे. एक सांगून दुसरं लपवलं, असं नको व्हायला."

भन्ते वयाने लहान होते आणि क्षणभर ते तसे दिसले. "दोन्ही चालतं, आचार्य," ते म्हणाले.

मग त्यांनी कांताकडे बघितलं. कांता नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली. त्यांचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तिने तो बाजूला घेतला नाही.

"माझंही तेच," ती म्हणाली. "यांनी म्हटलं तसंच."

*

भन्ते विहारात परतले. संघर्षला सामान असं काही न्यायचं नव्हतं, त्यामुळे बांधाबांध करून वेळ काढता येईना. तो अजून गृहस्थच होता, म्हणून कांताने त्याला उन्हं कलल्यावर पुन्हा जेवायला बसवलं आणि त्याने नको म्हटलं नाही. खीर दोनदा घेतली. छान झालीय म्हणाला. कांता म्हणाली, ते बोलू नकोस, नुसतं खा.

निघताना तो आईच्या पाया पडला, ताईच्या, वहिनीच्या. धम्मपालसमोर वाकला तर धम्मपालने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मीराबाई दारात आल्या. "आत्ताच घालून घेतो," धम्मपाल म्हणाला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शामराव दाराजवळ उभे होते. संघर्ष वाकला, त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. यानंतर तो कुणा गृहस्थासमोर असा वाकणार नव्हता, त्यांच्यासमोर तर नाहीच. शामरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचा शब्द त्यांना पाठ होता, दुसऱ्यांच्या मुलांना देऊन देऊन गुळगुळीत झालेला. तो आठवला नाही. बोटं केसांत गेली. केस खरंच वाढले होते.

वडीलधाऱ्यांनी हात उचलेपर्यंत आपण उठायचं नसतं, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

खाली वाकलेला संघर्ष थांबून राहिला. कांताने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या हाताकडे. गाडीची वेळ होत आली होती. ती काही बोलली नाही. आज आपण नाही बोलायचं, हे तिने सकाळीच ठरवलं होतं.